वजा केलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानात टांगलेली तागडी असते, तसला नव्हे. हल्ली घराघरांत काचेची चपटी चकती असते, तसलाही नव्हे. खाली रुंद लोखंडी पाट, मागे छातीएवढा खांब आणि खांबावर गोल तबकडी, असा माझा थाट. पाटावर कुणी चढलं की तबकडीवरचा काटा फिरतो आणि आकड्यावर थांबतो. माझं काम एवढंच, पण ते मी जन्मभर खरेपणानं केलं आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. आता पाटाला गंज चढला आहे, काटा मध्येच अडखळतो आणि माझ्या अंगावर रिकाम्या बादल्या ठेवलेल्या असतात. एक गोष्ट मात्र माझ्या पोटात राहिली आहे. ती सांगून टाकली की मला बरं वाटेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं आम्ही भावंडं ओळीनं उभी होतो. शेवटच्या दिवशी एका माणसानं माझ्या पाटावर पितळी वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली, एक स्क्रू जरासा पिळला आणि माझ्या खांबावर ठक्कन शिक्का मारला. यापुढे तू खोटं बोलायचं नाहीस, असा त्या शिक्क्याचा अर्थ. तिथून मी एका पार्सल ऑफिसात गेलो. खोकी यायची, पोती यायची, गप्प बसायची आणि निघून जायची. खोक्यांना ना भीती ना लाज. मला त्या नोकरीचा कंटाळा आला होता हे मी आजच कबूल करतो.

ते ऑफिस बंद पडलं तेव्हा मला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विकत घेतलं. त्या पाळीव जनावरांचा दवाखाना काढत होत्या. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, "अहो, हा पार्सलचा काटा. जनावरांना चालेल का?"

"जनावर म्हणजे पार्सलच की," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "फक्त पत्ता त्याचा तोच ठरवतो."

मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, बाकासमोर उभा राहिलो. माझ्या गुळगुळीत लोखंडावरून पंजे घसरायचे, म्हणून कंपाउंडरमामांनी पाटावर रबराची चटई चिकटवली. मामा म्हणजे या दवाखान्याचे सबकुछ. केस पेपर काढणं, औषधं बांधणं, चावरी कुत्री धरणं आणि रडणाऱ्या मालकांना पाणी देणं, ही सगळी कामं त्यांची. पहिलाच कुत्रा माझ्यावरून उतरला आणि चटईवर चार ओले ठसे राहिले. मला वाटलं, आली का पंचाईत! पण मामा म्हणाले, "घाबरलाय बिचारा. कुत्र्याला तळव्यांना घाम येतो." त्या दिवसापासून मी कुत्र्याची भीती त्याच्या ठशांवरून ओळखायला शिकलो.

मित्रांनो, खोकी मोजण्यात गेलेली माझी वर्षं मला फुकट गेल्यासारखी वाटू लागली, इतकी या नव्या नोकरीत मजा होती. कुत्रे तीन पाय माझ्यावर ठेवायचे आणि चौथा जमिनीवर. मालकाला वाटायचं, वा, वजन उतरलं! माझ्या खांबाला नाक लावून ते ओला ठसा सोडायचे. डॉक्टरीणबाई मुलांना सांगायच्या, तुमच्या अंगठ्यासारखाच प्रत्येक कुत्र्याच्या नाकाचा ठसा वेगळा असतो. मग मुलं माझ्या खांबावरचे ठसे शोधत बसायची आणि मामा मागून फडकं घेऊन यायचे. एक लांब नाकाचे वकील होते. त्यांचा कुत्राही लांब नाकाचा. वकिलांनी जांभई दिली की पाठोपाठ कुत्राही जांभई द्यायचा आणि बाकावरची मंडळी तोंड लपवून हसायची.

मांजरांची तऱ्हा वेगळी. मोठी झालेली मांजरं आपसात फारशी म्याव म्याव करत नाहीत, ते बोलणं त्यांनी माणसांसाठी राखून ठेवलेलं असतं, हेही मी डॉक्टरीणबाईंकडूनच ऐकलं. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. मांजर घुरघुरतं तेव्हा ते खुशीतच असतं असं नाही. कधी कधी दुखत असतं, भीती वाटत असते, तेव्हाही ते घुरघुरतं. मालक म्हणायचे, "बघा, किती आनंदात आहे!" डॉक्टरीणबाई मांजराच्या पोटावर हलकेच हात ठेवायच्या.

मालकांबद्दल तर काय सांगू! ते जनावराच्या वतीनं बोलतात. "आम्हाला इंजेक्शन नको ग बाई," असं एक धिप्पाड पोलीस आपल्या इवल्याशा मांजराचा पंजा धरून म्हणत होता. "काहीच खात नाही हो हा," असं सगळेच सांगतात, आणि माझा काटा तोवर तबकडीच्या पलीकडच्या टोकाला पोचलेला असतो. कुत्र्याचं वजन चाललेलं असताना मालक स्वतःचा श्वास रोखून धरतात. त्यानं काय होतं कोण जाणे!

मांजर माझ्यावर एकटं कधी थांबायचं नाही. म्हणून मामांनी दोन वेळा वजन करायची रीत पाडली होती. मालकानं मांजर उचलून पाटावर उभं राहायचं. तो पहिला आकडा. मग मांजर मामांकडे द्यायचं आणि एकट्यानं उभं राहायचं. तो दुसरा आकडा. पहिल्यातून दुसरा वजा केला की मांजराचं वजन निघतं, आणि तेवढंच कागदावर लिहायचं. बायका चप्पल काढायच्या, पर्स काढायच्या, आणि तरी म्हणायच्या, "मामा, तो आकडा मोठ्यानं वाचू नका हं."

"दुसरा आकडा इथं कुणी बघत नाही, ताई," मामा म्हणायचे. "तो नुसता वजा करायला असतो."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

आमच्याच रस्त्याच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान होतं. डोळ्याला लावायचं भिंग ते कपाळावर सरकवून ठेवायचे आणि तसेच गावभर हिंडायचे. काकू घरी शिवणकाम करायच्या. त्यांच्या बाहीला नेहमी एखादा दोरा चिकटलेला असायचा. भिंतीवरच्या घड्याळाच्या रिकाम्या खोक्यातून हे दोघं एक पिल्लू घेऊन आले. पिल्लू माझ्यावर ठेवलं, पण माझा काटा जेमतेम हलला.

"बिघडलाय का हो हा काटा?" काकूंनी विचारलं.

माझा अपमान झाला. पण ते पिल्लू माझ्या पाटावर तीन गिरक्या घेऊन, जणू गवतच तुडवतंय अशा थाटात, चक्क झोपून गेलं. मग माझा राग टिकला नाही.

त्याचं नाव ढब्बू का ठेवलं, ते पुढच्याच वर्षी कुणाला विचारायची गरज उरली नाही. आखूड पाय, तपकिरी अंग आणि पोट जमिनीला टेकायला आलेलं. दर खेपेला माझा काटा पुढे. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "काकू, याच्या गुडघ्यांचं काय होणार? काय देता याला?"

"मी कशाला देतेय! ह्यांचंच काम. हे चोरून देतात."

"मी? मी दिवसभर दुकानात असतो," काका म्हणाले. "आणि माझ्याकडे पुरावा मागू नका, ढब्बूला विचारा."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाणं मोजायला एक पेला दिला. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला, मध्ये कणही नाही. दोघांनी शाळेतल्या मुलांसारख्या माना डोलावल्या. पुढच्या खेपेला काका बाहेर स्कूटर लावत होते. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, कमरेच्या पिशवीतून अर्धं बिस्किट काढलं आणि माझ्यावर बसलेल्या ढब्बूच्या तोंडात टाकलं. "ह्यांना सांगायचं नाही हं," त्या पुटपुटल्या. मग त्या औषध घ्यायला मामांच्या खिडकीशी गेल्या. तेवढ्यात काका आत आले, त्यांनी शर्टाच्या खिशातून पावाचा तुकडा काढला आणि म्हणाले, "तुझ्या आईला कळता कामा नये." माझा काटा थरथरला. तो काही तुकड्याच्या वजनानं नाही, ढब्बूच्या शेपटीनं.

मित्रांनो, त्या घरात दोन चोर होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत. वर्षानुवर्षं ही चोरी माझ्या अंगावर चालली. त्यावरून ती दोघं लटकी भांडायची आणि घरी जायची. मला बोलता येत असतं तरी मी बोललो नसतो. इतकं सुख मोडायला कुणाला आवडेल?

मग काकू यायच्या बंद झाल्या. त्या दवाखान्यात आहेत, आमच्यासारख्या नव्हे, माणसांच्या, हे मला मामांच्या बोलण्यातून कळलं. नंतर एका सकाळी मामा काळजीनं लवकर निघाले आणि दुपारी बातमी घेऊन आले. काकू गेल्या होत्या.

बऱ्याच दिवसांनी काका ढब्बूला घेऊन आले. शर्टाला इस्त्री नव्हती, पण भिंग कपाळावर होतं. माझा काटा नेहमीच्या जागेच्या मागेच थांबला आणि काकांचा चेहरा उजळला.

"बघा डॉक्टर! उतरलं की नाही? सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. मध्ये कण नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "तिनं हात धरून सांगितलं मला. ढब्बूला मध्ये मध्ये काही देऊ नका, माझी शपथ आहे. आयुष्यभर एवढ्यावरूनच भांडलो. शेवटचं तरी ऐकावं ना तिचं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वजन उतरणं चांगलंच होतं, त्यांनी कौतुक केलं. पण मी आतून हललो. ढब्बूचं खाणं तीन वाटांनी यायचं. काकू गेल्या, त्यांची वाट बंद झाली. काकांनी शपथ घेतली, त्यांचीही वाट बंद झाली. उरला एक पेला. हे मला दिसत होतं, पण वजनकाट्याला तोंड नसतं, आकडा असतो.

पुढच्या खेपेला काटा आणखी मागे आला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. ढब्बूच्या बरगड्या दिसू लागल्या. रक्त तपासलं, लघवी तपासली. काही सापडलं नाही.

"दुःख करतोय तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस गेलं की कुत्री जेवण टाकतात, काका."

"टाकत नाही हो. पेला चाटूनपुसून लख्ख करतो. मग दुपारी तिच्या शिवणयंत्रापाशी जातो आणि पायडलवर हनुवटी ठेवून बसतो. मी दुकान बंद ठेवतो हल्ली दुपारी, त्याच्यासाठी. पण हा माझ्याकडे बघतच नाही. त्या यंत्राकडेच बघतो."

"मग पेल्याचं माप वाढवा. दीड करा."

काकांनी मान डोलावली. पण पुढच्या खेपेला माझा काटा पुन्हा मागेच आला. काकांनी माप वाढवलं नव्हतं. पेला काठापर्यंत भरला की त्यांना काकूंचा आवाज ऐकू यायचा, असं त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाई पहिल्यांदा त्यांच्यावर रागावल्या. "काका, हा असाच खंगत गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्हाला तो हवाय ना?"

 काका ढब्बूला उचलून निघून गेले. बाकावर एक बाई मांजर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मांजर घुरघुरत होतं. ते खुशीत नव्हतं हे मला आता कळत होतं.

चार दिवसांत काका धापा टाकत परत आले. एका बगलेत ढब्बू, दुसऱ्या हातात पत्र्याचा एक गोल डबा. दारातूनच ओरडले, "डॉक्टर! चोर सापडला!"

झालं होतं असं. काकांना यंत्र कुठलंही असो, ते नुसतं पडून राहिलेलं बघवत नसे. शिवणयंत्राला तेल घालावं म्हणून त्यांनी खण उघडला. खण किरकिरला मात्र, पायडलवरचा ढब्बू टुणकन उठून उभा राहिला आणि शेपटी हलवायला लागला. इतक्या दिवसांनी शेपटी! काकांनी रिळं बाजूला केली, तर खाली हा डबा. डब्यात अर्धी अर्धी केलेली बिस्किटं.

"रोज दुपारी द्यायची ती त्याला. मी दुकानात गेलो की!" काका हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आणि मला म्हणायची, तुम्हीच चोर!"

"नव्हता तुम्ही?" मामांनी विचारलं.

काकांनी शर्टाच्या रिकाम्या खिशावर हात ठेवला. "होतो की. रोज संध्याकाळी, जिन्यात. वर जाण्याआधी. मला वाटायचं मी एकटाच."

"त्यांनाही तसंच वाटायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "हे बघा काका, शपथ काकूंनी तुम्हाला घातली. स्वतःला नाही घातली. तुमच्या हातचं देऊ नका. त्यांच्या डब्यातलं द्या. त्याला शपथ लागू नाही."

काकांनी ढब्बूला माझ्यावर बसवलं. मग माझ्या पाटावर गुडघे टेकून त्यांनी अर्धं बिस्किट पुढे केलं. ते मऊ पडलं होतं. ढब्बूनं आधी डबा हुंगला, आतून, बाहेरून, झाकणाच्या कडेनं. मग खाल्लं. माझा काटा थरथरला, आणि या वेळीही बिस्किटाच्या वजनानं नाही.

डबा रिकामा झाला की काका त्याच जातीची बिस्किटं आणून त्यात भरू लागले. ढब्बूला वाचवायला ही लबाडी पुरली. पण त्याचे मागचे पाय आता थकले होते, माझ्यावर चढणं त्याला जमेना. म्हणून काका त्याला मांजरासारखं उचलून माझ्यावर उभे राहू लागले. पहिला आकडा, मग ढब्बू मामांकडे, मग दुसरा आकडा, मग वजाबाकी.

मित्रांनो, माझ्या पोटात राहिलेली गोष्ट इथून सुरू होते.

वजाबाकी दर खेपेला थोडी वाढायची. डॉक्टरीणबाई खूश व्हायच्या, मामा ढब्बूला शाबासकी द्यायचे, बाकावरची माणसंही कौतुक करायची. पण पहिला आकडा वाढत नव्हता. ढब्बू भरत होता तर दोघांचं मिळून वजन वाढायला हवं होतं ना? ते तर उतरतच होतं. कारण दुसरा आकडा खाली येत होता, आणि ढब्बू वाढत होता त्याच्या कितीतरी पट. तो आकडा माझ्या तबकडीवर सगळ्यांसमोर यायचा आणि लगेच वजा व्हायचा. काकांच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायचं. त्यांनी आपल्याच हत्यारानं पट्ट्याला एक जादा भोक पाडलं, मग आणखी एक. ते मला जवळून दिसायचं. बाकीचे ढब्बूकडे बघत होते.

मी काय करणार होतो? आकड्यावर काटा जरा जास्त वेळ धरून ठेवायचा प्रयत्न मी केला. "जुना झालाय हा, लवकर सुटत नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी मला तेल घातलं.

थंडी संपता संपता ढब्बू गेला. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला, शिवणयंत्राखाली. काकांनी मामांना निरोप दिला आणि मामांनी त्याला पुरायला मदत केली. आम्हाला वाटलं, काका आता इकडे कशाला येतील?

पण ठरलेल्या दिवशी काका आले. सवयीनं आले असावेत. हातात पट्टा होता आणि पट्ट्याला कुणी नव्हतं. बाकावर न बसता ते सरळ माझ्यावर चढले. दोन्ही हात छातीशी धरलेले, ढब्बूला धरायचे तसेच. माझा काटा फिरला आणि थांबला. मग काका हळूच वाकले, हातांतलं नसलेलं ओझं जपून खाली ठेवलं आणि पुन्हा ताठ उभे राहिले. मी पुन्हा मोजलं. काटा पुन्हा त्याच आकड्यावर थांबला.

मित्रांनो, खरं बोलल्याचं इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई हात पुसत आतून आल्या होत्या आणि दारातच थबकल्या होत्या. त्यांनी तबकडीकडे पाहिलं. आज वजा करायला काहीच नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो आकडा नुसता वाचला.

"काका, हे तुमचं वजन आहे?"

"काटा जुना झालाय तुमचा."

"काटा बरोबर आहे, काका. तुम्ही जेवता का?"

"जेवतो की. सकाळी चहा असतो, टोस्ट असतो." काका खाली उतरून बाकावर बसले. "खरं सांगू? ती ताट वाढायची म्हणून मी जेवायचो. भूक लागलीय की नाही, ते मला कधी बघावंच लागलं नाही. ढब्बूसारखंच माझं. त्याला डब्यातून मिळायचं, मला ताटात मिळायचं. तो होता तोवर निदान त्याला खाताना बघून बरं वाटायचं."

मामांनी न विचारता आपला जेवणाचा डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. काकांनी दोन घास खाल्ले. तिसरा घास मोडला आणि त्यांचा हात आपोआप बाकाखाली गेला. तुकडा बोटांत धरून तो हात तिथंच थांबला. मामा खिडकीबाहेर बघू लागले. डॉक्टरीणबाई खाली बसल्या, त्यांनी तो हात धरून वर आणला आणि म्हणाल्या, "हा तुमचाच घास आहे, काका."

त्यानंतर काका रोज दुपारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना माणसांच्या डॉक्टरांकडे नेलं. नुसती उपासमार नव्हती, पोटात दुखणंही होतं, आणि ते बरंच आधीचं होतं. वजन उतरायला लागलं तेव्हाच आणायला हवं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हे मामांना सांगताना डॉक्टरीणबाई माझ्यासमोरच उभ्या होत्या. "आकडा दर खेपेला माझ्या डोळ्यांसमोर होता, मामा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या तबकडीवर हात ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. माणसांना जे लिहायचं असतं तेच ती वाचतात.

पावसाळ्याआधी काका गेले. शेवटपर्यंत ते मामांना बजावत होते की दुकानातलं मोठं घड्याळ थांबू देऊ नका. त्यांच्या घरून फक्त एक वस्तू आमच्याकडे आली, तो पत्र्याचा डबा. तो आता बाहेरच्या खोलीतल्या फळीवर आहे. इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येक कुत्र्याला मामा त्यातलं अर्धं बिस्किट देतात. अर्धंच.

पुढे नवीन यंत्र आलं. चपटं, हलकं, दिवे लागणारं. मांजर घेऊन उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा, ते आपलं आपण वजा करतं आणि फक्त मांजराचं वजन दाखवतं. दुसरा आकडा दिसतसुद्धा नाही. मला मागच्या पडवीत नेलं, चटई उपटून काढली आणि माझ्यावर बादल्या ठेवल्या. सुरुवातीला मी फार हिरमुसलो. पण पडवीचं दार उघडं असलं की मला आतलं ऐकू येतं. यंत्रानं जनावराचं वजन दाखवलं की डॉक्टरीणबाई मान वर करून मालकाकडे नीट बघतात आणि विचारतात, "आणि तुम्ही? तुम्ही बरे आहात ना?" लोक गोंधळतात. कुणी हसतं. परवा एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले आणि बोलतच राहिले.

तर मित्रांनो, आपल्या कुत्र्यामांजरांवर माया करा हे मी तुम्हाला सांगायला नको, ती तुम्ही करताच. मला दुसरंच मागायचं आहे. ज्या हातांनी त्यांना उचललेलं असतं, त्या हातांकडेही बघत जा. ते हात तुमच्या आजोबांचे असतील, शेजारच्या मावशींचे असतील. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सैल झालं असेल, तर तुम्ही तरी ते बघा. वजाबाकी करायला पुष्कळ जण आहेत. तुम्ही आधी दुसरा आकडा वाचा.